ज्याला भाव नाही, ते गोळा कोण करणार?

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कचराकुंडीत पडलेली सहसा कुणाला दिसत नाही. नवी घ्यायला दुकानात गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘जुनी आहे ना?’ मग जुनीचे पैसे बिलातून वजा होतात आणि नवी बसवायला आलेला मुलगा जुनी टेम्पोत टाकून घेऊन जातो. त्याच घरातल्या टीव्हीच्या रिमोटचे दोन पेन्सिल सेल मात्र संपले की सुक्या कचऱ्यात जातात, कधी ओल्यातही. गेलेली ट्यूबलाइट जिन्याखाली उभी राहते आणि एक दिवस फुटते. जुना मोबाइल, फुगलेली पॉवर बँक, एका कानाचा बंद पडलेला इअरफोन यांचा मुक्काम कपाटाच्या खणात.

घर तेच, माणसं तीच, त्यांची पर्यावरणाबद्दलची समजही तीच. फरक एवढाच, की इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या शिशाला बाजारात भाव आहे आणि पेन्सिल सेलला कुणी विचारत नाही. ई-कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच जनजागृतीची भाषा सुरू होते. शाळेत घोषवाक्यांची स्पर्धा, सोसायटीत वर्षातून एकदा संकलन शिबिर, पर्यावरण दिनाला पालिकेच्या कार्यालयात ठेवलेली एक पेटी. यातलं काहीच वाईट नाही, असे उपक्रम मनापासून चालवणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण लोकांना कळत नाही म्हणून कचरा परत येत नाही, हे निदान मला पटत नाही. तो परत आणून देण्यात, गोळा करण्यात, वाहून नेण्यात कुणालाच चार पैसे सुटत नाहीत म्हणून तो येत नाही. ते चार पैसे सुटतील अशी व्यवस्था उभी करणं ही वस्तू विकून नफा कमावणाऱ्याची जबाबदारी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपण यासाठी नियम बरेच केले, पण हा पैसा कुणी कुणाला द्यायचा या प्रश्नाशी आलं की प्रत्येक वेळी पाय मागे घेतला.

भाव असला म्हणजे सगळं सुरळीत चालतं असंही नाही. शिशाच्या बॅटऱ्यांसाठी २००१ सालीच नियम झाले. विक्रेत्यानं ग्राहकाला सूट देऊन जुनी बॅटरी परत घ्यावी आणि तिसऱ्या वर्षापासून विकलेल्या मालाच्या ९० टक्के इतका माल परत यावा, असं त्यात होतं. बॅटऱ्या दुकानात परत येतातही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. दुकानामागची ती थप्पी नोंदणीकृत कारखान्यात जाते, की गावाबाहेरच्या भट्टीवर? भट्टीवाल्याला चार पैसे जास्त देणं परवडतं, कारण त्याला धूर गाळायची यंत्रणा बसवायची नसते, ॲसिडवर प्रक्रिया करायची नसते, कामगारांच्या रक्तातलं शिसं तपासायचं नसतं. बॅटरीचं झाकण कुऱ्हाडीनं फोडायचं, ॲसिड तिथेच मातीत ओतायचं, प्लेटा भट्टीत टाकायच्या. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये काढलेल्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण एका डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास मुलं भारतातली आहेत. रंग, भांडी, मसाल्यातली भेसळ अशी इतर कारणंही आहेत, पण शिशाच्या बॅटऱ्या निष्काळजीपणे फोडणं-वितळवणं हे त्यातलं एक प्रमुख कारण म्हणून अहवालात पुढे आलं. मेंदूची वाढ होत असतानाच्या वयात शिशानं केलेलं नुकसान पुढे कोणत्याही औषधानं भरून येत नाही.

म्हणजे कामं दोन आहेत. ज्याला भाव नाही त्याला भाव मिळवून द्यायचा, आणि ज्याला आहे तो माल चुकीच्या दारात जाऊ नये म्हणून योग्य दारातला भाव वर ठेवायचा. दोन्हींना पैसा लागतो. तो कुणी द्यायचा याचं उत्तर स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या अहवालात दिलं: ज्यानं वस्तू बनवली त्यानं. या कल्पनेतली खरी ताकद वसुलीत नव्हती. वस्तू मोडीत काढायचा खर्च बनवणाऱ्याच्याच माथी आला, तर तो ती मोडायला सोपी, कमी विषारी आणि जास्त टिकाऊ बनवायला लागेल, असा त्यामागचा विचार होता. २००३ पासून युरोपीय संघानं विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी हे तत्त्व कायद्यात आणलं. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये निघाले आणि २०१२ च्या मे महिन्यापासून लागू झाले. त्यात उत्पादकाची जबाबदारी होती, पण किती माल परत घ्यायचा याचा आकडा नव्हता. आकडे आले ते २०१६ च्या नियमांमुळे आणि पुढे २०१८ च्या दुरुस्तीमुळे, तेही १० टक्क्यांपासून सुरुवात करून.

फळ काय मिळालं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबानं २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १६ लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या ५.२७ लाख टनांवर रीतसर प्रक्रिया झाली, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. हा हिशेब तेव्हाच्या यादीतल्या २१ प्रकारच्या वस्तूंपुरताच होता. जगाचं चित्रही अभिमान वाटावा असं नाही. २०२२ मध्ये जगभर ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद ठेवून गोळा झाला.

उरलेला माल कुठे जातो हे मुंबईत कुर्ल्याच्या किंवा साकीनाक्याच्या गल्ल्यांतून चालत गेलं की डोळ्यांनी दिसतं. छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला माणूस जुन्या संगणकाची पेटी काही मिनिटांत सुटी करतो. पत्रा एका बाजूला, पंख्याखालचं ॲल्युमिनियम दुसऱ्या, वायरी तिसऱ्या गोणीत. सर्किट बोर्ड सर्वांत जपून ठेवतो, कारण त्याला किलोमागे सर्वांत जास्त पैसे येतात. हातांत मोजे नाहीत, पण कोणत्या स्क्रूला कोणता पेचकस लावायचा हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पुढे यातले बोर्ड उत्तरेत जातात. दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला. तिथे ते उघड्यावर जाळून आणि ॲसिडात बुडवून तांबं-सोनं काढलं जातं. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर या जळिताच्या राखेचे ढीग साठले आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्यात हात घालावा लागला.

या माणसाला ‘अनधिकृत’ म्हणून बाजूला सारून आपण व्यवस्था उभी करायला निघालो, हीच पहिली चूक आहे. कुठल्याही कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकापेक्षा त्याची पोहोच मोठी आहे. तो दारात येतो, वजन करतो, रोख पैसे देतो. त्याचं सुटं करण्याचं कौशल्य हवं आहे, जाळणं आणि ॲसिड नको आहे. पण २०२२ मध्ये नवे नियम आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि नोंदणी करायच्या घटकांच्या यादीतून गोळा करणारे आणि सुटं करणारे दोघेही गेले. यादीत राहिले ते वस्तू बनवणारे, त्या आपल्या ब्रँडनं विकणारे, दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणारे आणि पुनर्चक्रण करणारे कारखाने.

नवी पद्धत अशी आहे. नोंदणीकृत कारखाना ई-कचऱ्यावर प्रक्रिया करतो, त्याबद्दल त्याला केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्र मिळतं, उत्पादक ते विकत घेतो आणि आपलं वर्षाचं उद्दिष्ट पुरं झाल्याचं दाखवतो. पहिल्या दोन वर्षांसाठी उद्दिष्ट ६० टक्के, मग ७०, मग ८०. यादीतल्या वस्तू २१ वरून १०६ झाल्या. या पद्धतीत सोय आहे हे मान्य केलं पाहिजे. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीनं आपल्याच ब्रँडचे फ्रिज शोधत गावोगाव ट्रक फिरवावेत, यात काही शहाणपण नाही. पण यातून उत्पादकाचा आणि त्याच्या कचऱ्याचा संबंध एका खरेदीपुरता उरला. प्रमाणपत्र जितकं स्वस्त, तितकी जबाबदारी हलकी. शिवाय प्रमाणपत्रं निघतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चारच धातूंच्या हिशेबानं. मग कारखाना साहजिकच हे धातू ज्यात भरपूर आहेत तोच माल उचलणार. बाजारात ज्याला आधीच भाव आहे त्यालाच प्रमाणपत्रही मिळतं. ज्याला भाव नाही ते आधी जिथे पडून होतं तिथेच पडून राहतं.

कागदोपत्री हिशेबाला दुसराही धोका आहे. प्लास्टिकच्या बाबतीत हीच प्रमाणपत्रांची पद्धत आधी आली. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळानं तपासणी केली तेव्हा महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या चार कारखान्यांनी मिळून सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. बाजारातून विकत घेतलेलं तांबं आपण ई-कचऱ्यातून काढलं असं दाखवणं हे काही फार अवघड नाही. तपासणी करणारी माणसं वाढली नाहीत, तर तेच इथेही होईल.

किमतीचा घोळ सरकारच्याही लक्षात आला. २०२४ च्या दुरुस्तीनं प्रमाणपत्राच्या किमतीला खालची आणि वरची मर्यादा घातली आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये असा दर ठरला. त्यावर अनेक मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा युक्तिवाद दोन प्रकारचा आहे. हा दर आम्ही देत होतो त्याच्या कितीतरी पट आहे आणि तो सरकारनं ठरवायचा विषयच नाही, हा एक. अनधिकृत भट्ट्या बंद करणं सरकारचं काम आहे, ते जमत नाही म्हणून आमच्याकडून पैसे काढता, हा दुसरा.

दुसऱ्या युक्तिवादात अर्धं सत्य आहे. भट्ट्यांवर कारवाई करायचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळांचंच आहे आणि त्यात ती कमी पडली आहेत. पण नुसत्या धाडींनी भट्टी बंद होत नाही, ती पुढच्या गावात उभी राहते. तिच्याकडे जाणारा माल तोडायचा असेल तर रीतसर कारखान्याला तिच्याहून जास्त भाव देता आला पाहिजे, आणि त्याच्या प्रमाणपत्राला दोन-चार रुपयेच मिळणार असतील तर तो भाव तो कुठून देणार? पहिल्या युक्तिवादाचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. चाळीस किलोच्या फ्रिजवर २२ रुपयांनी ८८० रुपये होतात, आणि तो फ्रिज घरात दहा-बारा वर्षं चालतो. दोनशे ग्रॅमचा मोबाइल याच दरानं धरला तर साडेचार रुपयेही होत नाहीत. ही रक्कम ग्राहकाकडून वसूल होईल, असं म्हटलं जातं. झाली तर होऊ द्यावी. आज ती किंमत भट्टीशेजारी राहणारं कुटुंब आपल्या मुलांच्या रक्तातून भरतं आहे. वस्तू वापरणाऱ्यानं ती भरणं कधीही जास्त न्याय्य आहे.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सरकारकडे आहे. या २२ रुपयांतले किती रुपये दारात येऊन वजन करणाऱ्यापर्यंत पोहोचतात, यावर नियम काहीच बोलत नाहीत. पैसा कारखान्याच्या फाटकापाशी थांबला तर गोळा करणारा जिथे आज जातो तिथेच उद्याही जाईल. प्रमाणपत्र देताना कारखान्यानं माल कुणाकडून, काय भावानं घेतला याची पावती मागितली पाहिजे. पावती देता यावी म्हणून गोळा करणाऱ्यांना ओळखपत्र आणि साधी, बिनखर्चाची नोंदणी दिली पाहिजे. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावं. तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे, आणि ‘स्वच्छ’ ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. या बायकांकडे ओळखपत्रं आहेत, ठरलेले मार्ग आहेत, वजनाचा हिशेब आहे.

उत्पादकाच्या जबाबदारीचा अर्थही त्यांनीच सर्वांत ठसठशीतपणे सांगितला. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या कचरावेचकांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन पाकिटांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले. हे आम्ही रोज हातानं वेगळं करतो, निदान गुंडाळायला वेष्टन तरी द्या, अशी त्यांची मागणी होती. कायद्यात जबाबदारी लिहिलेली असूनही कंपन्यांच्या दारापर्यंत ती वस्तू नेऊन ठेवण्याचं काम सगळ्यात कमी मिळकत असलेल्या बायकांना करावं लागलं, हे मला अजूनही अस्वस्थ करतं.

शहराबाहेर तर विषयच निघत नाही. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आज गावोगाव आहे. त्यातली शिशाची छोटी बॅटरी काही हंगामांत बसते, कृषी सेवा केंद्रातून नवी येते आणि जुनी भंगाराच्या गाडीवर जाते. आता या पंपांतही लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. भंगारवाला त्या घेत नाही. त्याला त्यांचा भाव माहीत नाही आणि त्या पेट घेतात हे मात्र माहीत आहे. मग त्या गोठ्याच्या कोपऱ्यात पडतात, नाहीतर बांधावर. शहरात अशीच बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली, तिचं आवरण फाटलं, की आग लागते आणि त्या गाडीवर सफाई कामगार असतो.

बॅटऱ्यांसाठी २०२२ च्या ऑगस्टमध्ये वेगळे नियम झाले आणि कागदावर ते चांगले आहेत. शिशापुरतं न थांबता मोबाइलच्या, घरगुती सेलच्या, वाहनांच्या, उद्योगांच्या सगळ्या बॅटऱ्या त्यात आल्या. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या आणि हाताळायच्या छोट्या बॅटऱ्यांतून २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळवायचे आहेत. छोट्या बॅटऱ्यांत २०२७-२८ पासून ५ टक्के आणि २०३०-३१ पर्यंत २० टक्के पदार्थ पुनर्चक्रणातून आलेला वापरायचा आहे. पण परत मिळवायच्या पदार्थांचे हे टक्के कारखान्यात पोहोचलेल्या मालाचे. तो पोहोचवायचा कसा, तर ग्राहकाकडून ठेव घेणं किंवा जुनी बॅटरी विकत घेणं अशा योजना उत्पादक राबवू ‘शकतो’. सक्ती नाही.

ठेव ही माझ्या मते यातली सर्वांत कामाची गोष्ट आहे. सेलच्या पाकिटावर, पॉवर बँकवर, दुचाकीच्या बॅटरीवर विकतानाच काही रक्कम घ्यायची आणि ती वस्तू कुठल्याही दुकानात परत दिली की पैसे परत. ग्राहकानं कचऱ्यात टाकली तरी ती वेचणाऱ्या बाईला ते पैसे मिळतात. ज्याला भाव नाही त्याला भाव देण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. महाराष्ट्राला मात्र इथे स्वतःचा अनुभव विसरून चालणार नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीला एक-दोन रुपये ठेव जाहीर झाली होती. तुम्हाला कुणी ते पैसे कधी परत दिले? दुकानदाराला परत आलेल्या पिशव्या ठेवायला जागा नव्हती, मोबदला नव्हता, आणि हिशेब कुणी कुणाला द्यायचा हे ठरलेलं नव्हतं. बॅटरीवर ठेव आणायची तर परत घेणाऱ्या दुकानदाराला प्रत्येक नगामागे उत्पादकाकडून मोबदला आणि ठरलेल्या दिवशी माल उचलण्याची हमी, हे दोन्ही नियमात लिहिलेलं हवं.

हे आत्ताच करायला हवं, कारण बॅटऱ्यांची जात बदलते आहे. कोबाल्ट आणि निकेल असलेल्या बॅटऱ्यांना निदान त्या धातूंसाठी कुणी तरी विचारतं. पण विजेवरच्या गाड्यांत वाढत्या प्रमाणात लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या येत आहेत. त्या जास्त सुरक्षित आणि स्वस्त आहेत, ही चांगलीच गोष्ट. मात्र त्यांत कोबाल्ट नाही, निकेल नाही. त्या फोडून जे मिळतं त्याची किंमत फोडण्याच्या खर्चाला पुरणं कठीण. आज शिशाची बॅटरी पळवणारा भंगारवाला उद्या या जड पेट्यांना हातही लावणार नाही. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लिथियम आणि कोबाल्टसाठी आपण परदेशावर अवलंबून आहोत, तेव्हा हेतू योग्यच आहे. पण त्या पैशातून कारखाने उभे राहतील. त्यांत घालायला माल आणायचा खर्च करदात्यानंच पुन्हा उचलायचा का, हे आधी ठरवायला हवं. तो उत्पादकाचाच आहे.

आणि तो खर्च त्याच्यावर टाकला, तरच लिंडक्विस्ट यांनी सांगितलेला दुसरा परिणाम दिसेल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी बदलताना पाहा. कारागीर फोन गरम पाटावर ठेवून मागची काच सैल करतो, मग प्लास्टिकची पट्टी सारून गोंदानं चिकटवलेली बॅटरी हळूहळू उचलतो. ती वाकली की श्वास रोखून थांबतो, कारण ती त्याच्या हातात पेटू शकते. हे काम असंच कठीण राहावं अशी वस्तूची रचना कुणी तरी आपल्या टेबलावर बसून केली आहे, आणि त्या निर्णयाचा त्याला काहीही खर्च आलेला नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. आपल्या नियमांत वस्तू पुनर्चक्रणाजोगी असावी असं मोघम वाक्य आहे, बॅटरी काढता यावी अशी स्पष्ट अट नाही. ज्या कंपन्या युरोपात विकतात त्याच पुण्यात, नागपुरात, पणजीत विकतात. तिकडच्या मालाला जी रचना जमते ती इकडच्या मालाला का जमू नये, हे त्यांनी सांगितलं पाहिजे, आणि ते विचारण्यासाठी सरकारनं २०२७ ची वाट पाहायचंही कारण नाही.